न ऐकणारा साथीदार

तबला, हार्मोनियम, बासरी, सतार यांपैकी एखादे वाद्य तुमच्यापैकी कोणी शिकत असेल, तर एक अडचण त्याच्या चांगल्या परिचयाची असेल. वर्गात आठवड्यातून दोनदा साथ मिळते. उरलेले पाच दिवस घरी एकट्याने बसावे लागते. बासरी वाजवणाऱ्याला ठेका हवा असतो. तबला वाजवणाऱ्याला लेहरा, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात बरोबर बसणारी आणि पुन्हा पुन्हा फिरून येणारी छोटी सुरावट हवी असते. आणि दोघांनाही तानपुऱ्याचा षड्ज हवा असतो. रोज संध्याकाळी ही माणसे आणायची कोठून?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही अडचण दुप्पट होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी अशी कारखान्यांची रांग लागली. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण तर गेल्या वीसएक वर्षांत मोटारींचे गाव झाले. येथील घरांचे घड्याळ पाळ्यांवर चालते. वडील पहिल्या पाळीला, शेजारचे काका रात्रपाळीला. दुपारी तीनला तुम्ही शाळेतून येऊन तबला काढता, तेव्हा भिंतीपलीकडे कोणीतरी रात्रीची झोप पुरी करत असतो. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शाळेची रविवारी. हौशी तबलजी असलेला मामा आणि बासरी शिकणारा भाचा एकाच गावात राहूनही आठ-आठ दिवस भेटत नाहीत. चाकणहून चिंचवडला वर्गाला यायचे तर अंतर वीसेक किलोमीटरचे, पण नाशिक रस्त्यावरची मोशी-भोसरीची वाहतूक ज्याने पाहिली आहे त्याला किलोमीटर सांगून उपयोग नाही.

म्हणून आता बहुतेक घरांतून साथीला मोबाईल बसतो. इंटरनेटवर तीनतालाचा ठेका हव्या त्या लयीत मिळतो, झपतालाचा लेहरा मिळतो, काळी पाचचा तानपुरा तासभर अखंड झंकारत राहतो. ही कल्पना मात्र मोबाईलइतकी नवी नाही. अमेरिकेत १९५० मध्ये ‘म्युझिक मायनस वन’ नावाच्या तबकड्या निघाल्या. त्यांत वाद्यमेळातले एक वाद्य मुद्दाम वगळलेले असे, ते घरी बसून तुम्ही वाजवायचे. जपानमध्ये १९७१ मध्ये दाइसुके इनोऊए यांनी गायकाविना गाणे वाजवणारे यंत्र केले, तोच कराओके. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बनवली, आणि त्यांच्या ‘रॅडेल’च्या पेट्या पुढे गावोगावच्या संगीतवर्गांतून दिसू लागल्या. मग प्रसाद उपासनी यांच्या ‘आयतबला प्रो’सारख्या ॲपांनी पेटीही मोबाईलमध्ये घातली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ज्यांच्या घरी पेटी घेणे परवडत नव्हते त्यांच्याकडेही तानपुरा पोहोचला. ही मोठीच गोष्ट झाली. हा साथीदार थकत नाही, कंटाळत नाही, पहाटे चारला उठवला तरी चिडत नाही. पण तो एक काम अजिबात करत नाही: तो तुमचे ऐकत नाही. या एका गोष्टीमुळे त्याच्यापासून काय शिकता येते आणि काय येत नाही, ते आज आपण पदार्थविज्ञानाच्या मदतीने पाहू.

आधी तानपुरा घेऊ, कारण त्याच्या बाबतीत न ऐकणे हा दोष नसून गुण आहे.

तार छेडली की ती एकाच कंप्रतेने हलत नाही. दर सेकंदाला होणारी कंपने म्हणजे कंप्रता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. संगीताच्या पुस्तकांतून मध्य षड्ज २४० हर्ट्झचा धरण्याची रीत आहे. आपणही तोच धरू. मग तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे १२० हर्ट्झने कंप पावेल. पण तिच्यातून त्याच वेळी २४०, ३६०, ४८०, ६००, ७२० असे १२० च्या पाढ्यातले स्वरही निघत असतात. त्यांना उपस्वर म्हणू. यांतला पाचवा, ६०० हर्ट्झचा, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते, तरी शांतपणे ऐकले की गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ऐकला नसेल तर आज ऐका. खर्जाची तार वाजल्यावर लगेच नव्हे, क्षणभराने तो वर येतो.

हे उपस्वर तानपुऱ्यात इतके ठसठशीत का? १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याला या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू पडतो, तो उपस्वर ऐकू येता कामा नये. तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे रामन यांना आढळले. कारण घोडीत आहे. व्हायोलिनची घोडी धारदार असते. तानपुऱ्याची सपाट, किंचित उतरती असते. तिच्यावर तारेखाली बारीक दोरा सरकवून तार अशी बसवतात की ती कंप पावताना घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते. याच करामतीला जवारी म्हणतात. मिरजेचे कारागीर ती कानाने जुळवतात. पंढरपूर भागातल्या भोपळ्यांपासून तेथे होणाऱ्या तानपुऱ्या-सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता गंमत पाहा. मोबाईलचा ध्वनिवर्धक नखाएवढा. तीनशे हर्ट्झच्या खालचे स्वर त्याला जेमतेमच निघतात. मग १२० हर्ट्झचा खर्ज त्यातून कसा ऐकू येतो? खरे तर तो बाहेर पडतच नाही म्हटले तरी चालेल. पण ४८०, ६००, ७२० हे उपस्वर नीट पोहोचतात, त्यांच्यातले अंतर १२० चे असते, आणि तेवढ्यावरून आपला मेंदू नसलेला खर्ज जागेवर बसवतो. जवारीमुळे वरचे उपस्वर सशक्त असतात, म्हणून मोबाईलमधूनही तानपुरा ओळखू येतो. डग्ग्याच्या नशिबी हे नाही. त्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपासचा, आणि त्याच्याकडे उपस्वरांची अशी शिडी नाही. म्हणून मोबाईलवर चाट ऐकू येते, तिरकीट ऐकू येते, घुमारा हरवतो. ठेका ऐकताना सम-खाली ओळखण्यासाठी डग्ग्याचाच आधार असतो, हे लक्षात घेऊन ठेक्याला तरी जरा मोठा ध्वनिवर्धक जोडावा.

तानपुऱ्याचा खरा उपयोग मात्र पुढे आहे. दोन स्वर अगदी जवळच्या कंप्रतेचे असले, तर ऐकताना आवाज वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. शास्त्रात याला विस्पंद म्हणतात. कंप्रतांत जितक्या हर्ट्झचा फरक, तितके हेलकावे दर सेकंदाला. दोन मोबाईलांवर एक २४० चा आणि एक २४१ चा स्वर लावा. दर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येईल. शिक्षकांनी हे वर्गात जरूर करून दाखवावे, पाच मिनिटांचे काम आहे.

मग हाच प्रयोग हार्मोनियमवर. बहुतेक हार्मोनियम समान पट्ट्यांत जुळवलेल्या असतात. बारा पट्ट्यांत सप्तक सारख्या पावलांनी विभागलेले असते. या हिशेबाने षड्ज २४० असेल तर पंचम ३५९.६ येतो, तानपुऱ्यातला ३६०. फरक ०.४, म्हणजे अडीच सेकंदांत एक संथ हेलकावा. कानाला तो खुपत नाही. पण हार्मोनियमचा गंधार येतो ३०२.४, आणि शुद्ध गंधार असतो ३००. हार्मोनियमच्या गंधाराचा दुसरा उपस्वर ६०४.८ चा, तानपुऱ्याचा स्वयंभू गंधार ६०० चा. सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे! तानपुरा लावून हार्मोनियमवर आधी पंचम आणि मग गंधार दाबून ठेवा, म्हणजे हा फरक थरथरीच्या रूपात कानाला जाणवेल. हाच फरक मोजण्याच्या मागे लागून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याच्या आधारे श्रुतींचा अभ्यास केला, आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले.

गाणारा, बासरी किंवा व्हायोलिन वाजवणारा मात्र आपला गंधार सरकवू शकतो. हेलकावे मंद होत होत थांबले, की स्वर लागला. कोणी सांगावे लागत नाही. तानपुरा तुमच्यासाठी जागचा हलत नाही, म्हणूनच तो मोजपट्टी होऊ शकतो.

बासरीवाल्यांसाठी एक सूचना. तानपुरा मोबाईलमध्ये हलत नाही, पण तुमची बासरी हलते. हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि बासरीचा स्वर त्या वेगावर अवलंबून. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी ३८ अंश धरले, तर वेगात साडेचार टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. २४० चा षड्ज २५० च्या वर जातो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास पाऊण हिस्सा चढतो. प्रत्यक्षात फुंकेची हवा कोमट असल्याने फरक याहून कमी पडतो, पण पडतोच. सतारीची तार उलट उन्हाळ्यात सैल पडून उतरते. तेव्हा वाजवायला बसताना वाद्य आधी दोन-चार मिनिटे तापू द्यावे आणि ॲपचा षड्ज वाद्याशी जुळवून घ्यावा. ‘माझी बासरी बेसूर निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी थर्मामीटर पाहावा.

स्वराचे हे असे सरळ आहे. लयीचे सरळ नाही.

माझ्या ओळखीचा चाकणचा एक अकरावीतला मुलगा रोज तासभर मोबाईलच्या ठेक्यावर बासरी वाजवत असे. हात तयार, तानांना दाणा चांगला. परीक्षेला खरे तबलजी साथीला आले. दोन-तीन मिनिटांत लय चढू लागली. तबलजींनी सभ्यपणे त्याच्याबरोबर लय वाढवली. ती वाढल्यावर हा आणखी पुढे गेला. शेवटी लय अशी झाली की घरी घोटलेल्या ताना तिच्यात मावेनात. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “घरी असे कधीच होत नाही.” खरे बोलत होता. घरी ते होणे शक्यच नव्हते.

का, ते समजण्यासाठी झोपाळा डोळ्यांसमोर आणा. झोपाळ्याला एकदा ढकलून सोडले, की तो आपल्या स्वतःच्या गतीने झुलतो. ही मुक्त दोलने. आता एखाद्या यंत्राने त्याला ठरावीक वेळाने ढकलत ठेवले, तर काही काळाने झोपाळा यंत्राच्याच कंप्रतेने हलतो, मग त्याची स्वतःची गती काहीही असो. ही प्रणोदित दोलने. अकरावी-बारावीच्या पुस्तकात त्यांची गणिते असतात. तिसरा प्रकार १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांना आजारी पडून अंथरुणावर असताना दिसला. एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळे थोड्या वेळाने आपोआप एकमेकांच्या ठेक्यात येत. तुळईमार्फत प्रत्येक घड्याळ दुसऱ्याला किंचित ढकलत होते आणि किंचित ढकलले जात होते. कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. ही युग्मित दोलने.

मोबाईलच्या ठेक्याबरोबर वाजवणारा माणूस प्रणोदित आहे. तो पुढे पळाला तर पुढची मात्रा त्याला ओढून आणते, रेंगाळला तर ढकलते. दर अर्ध्या सेकंदाला चूक दुरुस्त होत असल्यामुळे ती साचत नाही, आणि साचत नाही म्हणून कळतही नाही. खऱ्या तबलजीबरोबर तो युग्मित होतो. तबलजी ऐकतो, आणि ऐकतो म्हणून तुमच्या चुकीबरोबर तोही थोडा सरकतो. तेथे तुमची स्वतःची लय पक्की नसेल, तर दोघे मिळून सरकत जाता. मोबाईलवर तासभर वाजवल्याने हात तयार होतो यात शंका नाही. पण लय तुमची झाली, की अजून यंत्राचीच आहे, हे तो तास सांगू शकत नाही.

ते जाणून घ्यायचा मार्ग सोपा आहे. १८८६ मध्ये एल. टी. स्टीव्हन्स यांनी इंग्लंडमधल्या ‘माइंड’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला यंत्राच्या ठोक्याबरोबर टिचक्या मारायला सांगायच्या, मग यंत्र बंद करायचे आणि त्याने तशाच टिचक्या चालू ठेवायच्या. मानसशास्त्रात ही पद्धत आजही वापरतात. आपण ती तीनतालात करू.

मिनिटाला १२० मात्रांचा ठेका लावा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, सोळा मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांचे. चार आवर्तने ठेक्याबरोबर वाजवा. मग समेवर मित्राने आवाज पूर्ण बंद करायचा; ठेका थांबवायचा नाही, फक्त आवाज बंद. तुम्ही वाजवत राहायचे. चार आवर्तनांनी, म्हणजे ३२ सेकंदांनी, त्याने आवाज पुन्हा सुरू करायचा. मित्र नसेल तर मोबाईल उशीखाली दाबून ठेवला तरी चालते, पण मग उचलायला हात मोकळा लागतो. गाणाऱ्यांना बरे पडते. तुमची सम कोठे आली? समजा, तुम्ही मिनिटाला १२३ मात्रांनी वाजवलेत. फरक अवघा अडीच टक्क्यांचा. सोबत बसलेल्या आईला तो कळणारही नाही. पण ६४ मात्रा ३१.२ सेकंदांत संपल्या, आणि तुम्ही दीड मात्रा आधीच समेवर येऊन उभे! ठेक्याबरोबर वाजवताना ही दीड मात्रा दिसली नसती.

वहीत नोंद ठेवा: तारीख, लय, आणि किती मात्रा पुढे किंवा मागे. पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की एक गोष्ट पाहा. अधिक आणि उणे मिसळलेले असतील, तर तुमची लय डगमगते. सगळे अधिकच असतील, तर ती पळते. या दोन दोषांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि तुमच्या गुरुजींना ते ठाऊक आहेत. तुम्ही फक्त वही दाखवा. चार आवर्तने जमू लागली की आठ करा. मग लय उतरवून ६० वर या. तेथे भल्याभल्यांची परीक्षा होते, कारण मात्रा लांब झाली की मधली रिकामी जागा मनात विभागावी लागते.

याच अनुषंगाने आणखी एक. सतत एकच ध्वनिमुद्रण वापरले, की मोजणे सुटते. त्यात पंधराव्या मात्रेवर तबलजींनी एक छान बोल टाकलेला असतो, तो ऐकून आपण सम पकडतो. ध्वनिमुद्रण बदलले की सम चुकते. म्हणून निदान तीन निरनिराळे ठेके वापरावेत, आणि त्यांतला एक अगदी साधा असावा.

लय कमी-जास्त करण्याची सोय हल्ली सर्वच ॲपांत असते. कॅसेटच्या काळात टेप हळू फिरवली की स्वरही उतरे. निम्म्या वेगाने फिरवली तर सप्तकभर खाली. आज लय उतरते आणि स्वर तसाच राहतो. याची एक वाट बेल प्रयोगशाळेतील फ्लानागन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये दाखवली. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर चढवत, जागा बदलून पुन्हा मांडायचे. तानपुऱ्यासारख्या लांब स्वराला हे मानवते. तबल्याच्या ‘ना’चा सुरुवातीचा टणत्कार मात्र तुकड्यांत विखुरतो आणि बोथट होतो. म्हणून लय फार बदलायची असेल तर त्या लयीत मुळात वाजवलेलाच ठेका शोधावा.

“यापेक्षा गुरुजींनाच व्हिडिओवर बोलावून त्यांच्याबरोबर वाजवले तर?” असे तुमच्यापैकी कोणी विचारील. चाकण ते चिंचवड हे अंतर काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात कापतो. अडचण अंतराची नाही. आवाजाचे पुडके बांधणे, वाटेत थांबणे, पलीकडे ते साठवून उलगडणे यांत एका बाजूने शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तुम्ही गुरुजींच्या ठेक्यावर अचूक वाजवलेत, तरी त्यांना ते जाण्यायेण्याचा उशीर मिळून, १२० च्या लयीत, साधारण अर्धी ते पाऊण मात्रा मागे ऐकू येते. म्हणून व्हिडिओवर एकाने वाजवावे, दुसऱ्याने ऐकावे. बरोबर वाजवायला जाऊ नये. बिनतारी इअरफोनही दोनशे मिलिसेकंदांपर्यंत उशीर करतात, पण रेकॉर्ड केलेल्या ठेक्याबाबत त्याची चिंता नको. सगळा ठेकाच तेवढा उशिरा येतो आणि तुम्ही जो ऐकता त्यावर वाजवता. दोन्ही आवाज एकत्र ध्वनिमुद्रित करायचे झाले, तरच तारेचा इअरफोन घ्यावा.

इअरफोन दोन्ही कानांत मात्र घालू नका. एका कानाने साथ आणि दुसऱ्याने स्वतःचे वाद्य ऐकावे, नाहीतर हेलकावे ऐकू येणारच नाहीत. आवाजही बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाच तासच उरतात. भिंतीपलीकडचे काका झोपले आहेत म्हणून आवाज कानात कोंबला, तर तोटा तुमचाच.

आणि मामांची पाळी बदलून एखाद्या रविवारी ते मोकळे सापडले, तर मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर दहा मिनिटे वाजवा. कोपऱ्यात दुसरा मोबाईल फक्त ध्वनिमुद्रणासाठी लावा. नंतर पहिल्या आणि शेवटच्या चार आवर्तनांचे सेकंद घड्याळावर मोजा. लय वाढली असेल, तर आधी कोण पळाले यावर वाद होईल. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून तो मिटतो का, ते पाहा.